पुन्हा मातीच्या रांगेत

एका घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. गाव लहानच, पण तिथल्या तालमीमुळे त्याचं नाव घाटाच्या वर आणि खाली दोन्हीकडे पोचलेलं. घाट चढणारा व्यापारी असो की लेकीला माहेरी नेणारा बाप, सगळे आधी त्या गावात थांबत आणि तालमीतला एखादा गडी सोबतीला घेऊनच वर चढत. कारण घाटात झाडी दाट होती आणि झाडीत लुटारू होते.

त्या तालमीत शिकण्याच्या चढत्या पायऱ्या होत्या. नवीन आलेल्याला शेला मिळत नसे. आखाड्याची तांबडी माती कपाळाला लावून तो मातीच्या रांगेत उभा राही आणि लाठी फिरवायला शिके. लाठी अंगात मुरली की पांढरा शेला मिळे, आणि हातात येई ती कातड्याची ढाल आणि लाकडी दांडकं. त्यानंतर भाला जमला की पिवळा शेला. सगळ्यांत शेवटी पट्टा जमला की केशरी शेला. पट्टा म्हणजे लांब, लवलवतं पातं. त्याच्या मुठीला कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोळा. परीक्षा वर्षातून एकदाच व्हायची, खंडेनवमीला, शस्त्रांची पूजा झाली की. आणि घाटात सोबतीला जायचा मान फक्त केशरी शेल्याचा.

केशरी शेल्यांत हैबती सगळ्यांत सरस होता. पट्टा त्याच्या उजव्या हातात आला की पातं दिसायचंच नाही, नुसता वारा कापल्याचा आवाज यायचा. त्याला शिकायला कष्ट पडलेच नव्हते. इतर पोरं वर्षानुवर्षं घासत, ते त्याला पावसाळ्या-दोन पावसाळ्यांत जमून जाई. म्हातारे वस्ताद म्हणत, “याला मी शिकवलं नाही. याला येतच होतं, मी फक्त बघितलं.”

एका वैशाखात हैबती एका पाथरवटाच्या गाडीसोबत घाट उतरत होता. गाडीत जाती आणि पाटे-वरवंटे भरलेले. वर पाथरवटाची बायको, तिच्या मांडीवर तान्हं मूल. मधल्या उतारावर जुंपणीची दोरी तुटली, बैल बाजूला उधळले आणि गाडी दरीच्या कडेकडे घरंगळू लागली. बाईने किंकाळी फोडली. हैबतीने धाव घेतली, वाटेच्या कडेचा धोंडा उचलला आणि चाकाखाली सारला. गाडी थांबली. पण धोंड्याबरोबर त्याचा उजवा हातही चाकाखाली गेला.

वैद्याने पाला बांधला, हाडं जुळवली. हात राहिला, पण बोटं आकड्यासारखी वाकडी झाली. ती धड उघडत नव्हती, धड मिटत नव्हती. त्या हाताने आता पट्टाच काय, पाण्याचा तांब्याही धरता येत नव्हता.

गावाने त्याला डोक्यावर घेतलं. वस्तादांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “हैबतीचा केशरी शेला जन्मभर त्याच्या कमरेला राहील. त्याने चौथऱ्यावर माझ्याशेजारी बसावं आणि पोरांच्या चुका काढाव्यात. या तालमीत त्याचा मान कमी होणार नाही.”

हैबती चौथऱ्यावर बसू लागला. येणारे-जाणारे त्याला रामराम करत. पहिले काही महिने त्यालाही ते बरं वाटलं.

मग एके सकाळी मातीच्या रांगेतली ठकी चौथऱ्यापाशी आली. धनगराची पोर, लाठी तिच्याहून उंच. हैबतीने तिला नुकतंच वरून ओरडून सांगितलं होतं, की मनगट सैल सोड.

“काका, सैल म्हणजे कसं? करून दाखवा ना.”

तिने लाठी पुढे धरली. हैबतीचा उजवा हात आपसूक उठला आणि अर्ध्यावर थांबला. ठकीला आपली चूक कळली, ती जीभ चावून पळाली. पण हैबती त्या दिवशी जेवला नाही.

त्याची बायको राहीबाई भाकऱ्या थापत होती. तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, “हात गेल्याचं दुःख आजवर कधी बोलला नाहीत. आज काय झालं?”

“हात गेला ते सोसलं गं. पण रोज चौथऱ्यावर बसून मी काय करतो? पूर्वी काय येत होतं त्याच्या जिवावर बोलतो. असाच बोलत म्हातारा होणार.”

“डावा हात आहे की.”

“डाव्या हाताला काय येतंय?”

“तुम्ही कधी विचारलंत त्याला?” राहीबाई म्हणाली. “मी देशावरून इथं नांदायला आले तेव्हा मला उतारावर नाचणी लावता येत नव्हती. जावा हसायच्या. माहेरी माझ्यासारखी ज्वारी खुडणारी नव्हती, पण ते इथं सांगून काय उपयोग होता? वाकले, लावली, वाहून गेली, पुन्हा लावली.”

हैबतीने रात्र कूस बदलत काढली, आणि सकाळी तालमीत गेला तो थेट वस्तादांपुढे उभा राहिला. डाव्या हाताने चाचपडत त्याने कमरेची गाठ सोडली, केशरी शेल्याची घडी घातली आणि वस्तादांच्या पायाशी ठेवली.

“हे काय, हैबती?”

“मला मातीच्या रांगेत उभं राहू द्या, वस्ताद. डाव्या हाताने पहिल्यापासून शिकायचंय.”

फिरणाऱ्या लाठ्या थांबल्या. वस्तादांनी त्याला जवळ बसवलं आणि हळू आवाजात म्हणाले, “शिकायचं तर शीक की. कोण अडवतंय? पण शेला कशाला सोडतोस? घरामागे अंगण आहे तुझं. तिथं कर मेहनत. हात तयार झाला की ये आखाड्यात. मधली फजिती कुणाला दिसायला नको.”

सल्ला मायेचा होता. क्षणभर हैबतीला मोह पडला. घरामागे कुणी हसणार नव्हतं, मान जसाच्या तसा राहणार होता. पण तो मान हलवत म्हणाला, “घरामागे मी मलाच माफ करत राहीन, वस्ताद. चुकलं तर म्हणेन, आज हात दुखतोय. रांगेत कुणी माफ करत नाही.”

वस्ताद म्हणाले, “मग नीट ऐक. रांगेत उभा राहिलास तर सवलत मिळणार नाही. परीक्षा सगळ्या द्याव्या लागतील. आणि आखाड्याचा रिवाज आहे, शिकवणाऱ्याला मान द्यायचा, मग तो कुणीही असो.”

“तेच मागायला आलोय.”

आता मातीच्या रांगेला शिकवायचा तुळाजी. हा तुळाजी हैबतीच्याच हाताखाली तयार झालेला तरुण, नुकताच केशरी शेला मिळालेला. ज्याच्याकडून पट्टा धरायला शिकलो तो माणूस कपाळाला माती लावून पोरांच्या ओळीत उभा आहे, हे पाहून त्याला घाम फुटला. तो रांगेतून फिरायचा, सगळ्यांना टोकायचा आणि हैबतीपाशी आला की मान खाली घालून पुढे जायचा.

हैबतीची लाठी तर रोज त्याच्याच कानावर आपटत होती. डावं मनगट लाकडासारखं. पाय उजव्या हाताच्या सवयीने पडत आणि हात भलतीकडे जाई. पोरं तोंडावर हात ठेवून हसत. ठकी तर एकदा इतकी हसली की खालीच बसली.

एक दिवस हैबतीने तुळाजीला थांबवलं. “तुम्ही मला काही सांगत नाही.”

पूर्वी ज्याला ‘अरे तुळ्या’ म्हणत होता, त्याला हैबती ‘तुम्ही’ म्हणाला. तुळाजी कावराबावरा झाला. “हैबतीदादा, मला असं नका म्हणू. तुम्हाला मी काय शिकवणार?”

“घरी तू तुळ्याच. पण या मातीवर तुम्ही शिकवणारे आणि मी शिकणारा. माझं मनगट चुकतंय की पाऊल?”

तुळाजी म्हणाला, “पाऊल. आधी पाऊल चुकतं, मग सगळंच चुकतं.”

“मग दुरुस्त करा.”

पण करायचं कसं? तालमीत डाव्या हाताने आजवर कुणी शिकलंच नव्हतं. सगळे पवित्रे उजव्या हाताचे. तुळाजी दोन-चार दिवस विचारात पडला. मग त्याने हैबतीला रांगेतून बाहेर काढलं आणि स्वतः त्याच्या समोर, तोंडाला तोंड करून उभा राहिला. “दादा, आरशात बघता तसं माझ्याकडे बघा. माझा उजवा हात जिकडे जाईल तिकडे तुमचा डावा न्या. माझा उजवा पाय पडेल तिकडे तुमचा डावा.”

दोघं तसे समोरासमोर फिरू लागले. आधी अडखळत, मग जरा सरळ. रोज पोरं घरी गेली की तुळाजी मागे थांबायचा आणि हैबतीचा आरसा व्हायचा. आता टोकताना त्याची मान खाली जात नव्हती.

खंडेनवमी आली. मातीच्या रांगेची परीक्षा अशी, की शिकणाऱ्याने मधोमध लाठी फिरवत राहायचं आणि चारी बाजूंनी ओल्या चिंध्यांचे चेंडू फेकायचे. एकही अंगाला लागता कामा नये. ठकीने सगळे चेंडू उडवून लावले. तिला पांढरा शेला मिळाला. हैबतीच्या वेळी सगळा गाव उभा राहून बघत होता. त्याने बरेच चेंडू अडवले, आणि मग एक सपकन छातीवर बसला.

“नापास,” वस्ताद म्हणाले.

गर्दीत कुजबूज झाली. “एवढा गाजलेला गडी, काय ही अवदसा!” “चौथऱ्यावर बसला असता तर निदान झाकलेलं राहिलं असतं.” हैबतीने छातीवरचं पाणी पुसलं, वस्तादांना वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मातीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला आता नवीनच पोरं होती, आदल्या वर्षीच्यांपेक्षा लहान.

पुढच्या वर्षी त्याला पांढरा शेला मिळाला. पिवळ्याला मात्र फार वेळ लागला, कारण भाल्याला दोन्ही हात लागतात आणि त्याचा उजवा हात नुसता टेकू द्यायचा. तरी तोही मिळाला.

या काळात हैबतीला एक नवीन गोष्ट उमगली. उजव्या हाताने तो कधी चुकलाच नव्हता, त्यामुळे माणूस का चुकतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. आता प्रत्येक चूक त्याच्या अंगावरून गेली होती. शेजारचं पोर अडलं की तो बरोबर तिथेच बोट ठेवायचा. “श्वास धरू नकोस, सोड. मीही धरायचो.” एवढ्याने पोराची लाठी फिरू लागायची. दरवर्षी मातीच्या रांगेतली कितीतरी पोरं कंटाळून घरी बसायची, ती आता बसेनाशी झाली. हे चौथऱ्यावरून वस्तादांना दिसत होतं.

अखेर केशरी शेल्याच्या परीक्षेचा दिवस उजाडला. हैबतीच्या दाढीत पांढरे केस आले होते. ठकी आता त्याच्या खांद्याला लागत होती आणि तिच्या कमरेला पिवळा शेला होता.

परीक्षेचा पहिला भाग झुंजीचा. समोर तुळाजी. त्याने जराही हात राखला नाही, आणि हैबतीनेही दाद दिली नाही. लोखंडावर लोखंड वाजत राहिलं, शेवटी वस्तादांनी हात वर करून दोघांना बरोबरीत सोडवलं.

दुसरा भाग लिंबाचा. आधी केळीच्या खांबावर लिंबू ठेवून पट्ट्याने त्याच्या दोन फाकी करायच्या. मग तसंच लिंबू उताण्या झोपलेल्या माणसाच्या गळ्यावर ठेवायचं आणि तेही कापायचं. झोपणारा माणूस आपणहून पुढे यायला हवा. ज्याच्या पात्याखाली गावातलं कुणी मान द्यायला तयार नाही, त्याच्यासोबत वाटसरू घाटात कसा जाईल, असा त्यामागचा हिशोब.

वस्तादांनी विचारलं, “हैबतीसाठी कोण येतं?”

राहीबाई उठली. वस्ताद म्हणाले, “घरचं माणूस चालत नाही, पोरी.” ती खाली बसायच्या आत ठकी मैदानात येऊन उभी राहिली होती. “मी येते.” तिच्या धनगर बापाने डोळे मिटून घेतले, पण तिला अडवलं नाही.

केळीच्या खांबावर लिंबू ठेवलं. हैबतीने पट्टा फिरवला. सर्रकन आवाज झाला आणि लिंबाच्या दोन फाकी दोन बाजूंना पडल्या. लोक ओरडले, हलगी कडाडली. ठकी मातीवर आडवी झाली, कुणीतरी तिच्या गळ्यावर लिंबू ठेवलं.

हैबती मात्र केळीच्या खांबाजवळ वाकून बघत होता. सालीवर केसाएवढी बारीक रेघ उमटली होती आणि तिच्यातून पाण्याचा एक थेंब वर आला होता.

इतक्या वर्षांची मेहनत. सगळा गाव समोर. हलगी वाजतेय. ती रेघ त्याच्याशिवाय कुणालाही दिसली नव्हती. हैबतीने खोळ्यातून हात काढला आणि पट्टा खाली ठेवला.

“आज नाही.”

हलगी थांबली. ठकी उठून बसली. खांबाजवळ येऊन तिने रेघ पाहिली. “काका, एवढीशी तर आहे! मला काही होणार नाही.”

“ठके, केळीवर आहे म्हणून ती एवढीशी.”

तुळाजीला राहवलं नाही. तो वस्तादांपुढे जाऊन म्हणाला, “वस्ताद, शेला देऊन टाका त्यांना. स्वतःहून थांबले, याहून केशरी माणूस कुठला असणार?”

वस्ताद सावकाश उठले. त्यांनी खांबावरून बोट फिरवलं, ओलं झालेलं बोट बघितलं. “त्याची नियत केशरी आहे, हे मलाही दिसतंय. हात अजून पिवळा आहे. घाटातले लुटारू नियत बघून थांबत नाहीत.” मग हैबतीकडे वळून म्हणाले, “पुढच्या नवमीला ये.”

“येतो,” हैबती म्हणाला. घरी जाताना राहीबाईने विचारलं, “वाईट वाटतंय?” तो म्हणाला, “खूप.” आणि थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, “पण झोप लागेल.”

पुढच्या नवमीला लिंबू कापलं गेलं तेव्हा केळीच्या सालीवर काहीही नव्हतं. ठकी पुन्हा आडवी झाली, यावेळी हसत. पातं आलं, गेलं, फाकी पडल्या, आणि ती मान चोळत उठली ती फक्त लिंबाचा रस पुसायला. वस्तादांनी आपल्या हातांनी हैबतीच्या कमरेला नवा केशरी शेला बांधला. गर्दीत पुष्कळांनी डोळे पुसले.

त्याच हिवाळ्यात मिठाच्या गोण्या लादलेला एक तांडा घाटात निघाला. सोबतीला तुळाजी आणि हैबती. घाटात एक अशी जागा होती, की चढताना उजव्या अंगाला उभा कडा आणि डाव्या अंगाला दरी, मध्ये बैलापुरती वाट. लुटारू नेहमी तिथेच गाठायचे, कारण पट्टा उजव्या हातात असला की तो कड्यावर आपटायचा, फिरवता यायचा नाही. त्या दिवशीही ते वाट अडवून उभे राहिले. पुढे असलेल्या तुळाजीचा पट्टा पहिल्याच फेकीत दगडावर खणकन आपटला. लुटारू हसले.

“तुळ्या, मागे हो!” हैबती ओरडला आणि पुढे सरसावला.

त्याचा पट्टा डाव्या हातात होता. दरीच्या अंगाला मोकळी हवाच हवा. पातं असं फिरू लागलं की वाटेत जणू चक्रच उभं राहिलं. लुटारूंनी असं कधी पाहिलं नव्हतं. वार कुठून येतोय तेच त्यांना कळेना. पहिल्याच्या हातातली कुऱ्हाड दरीत गेली, दुसऱ्याचं मुंडासं उडालं, आणि बाकीचे आले तसे झाडीत पसार झाले. रक्ताचा थेंबही न सांडता तांडा वर पोचला.

गावात परतल्यावर लोकांनी हैबतीला खांद्यावर घेतलं. तुळाजी वस्तादांना म्हणाला, “आपल्या प्रत्येक गड्याला डावा हातही शिकवायला हवा. आणि तो शिकवणारा माणूस एकच आहे.” वस्ताद थकले होते. त्यांनी त्याच सभेत तालमीच्या किल्ल्या हैबतीच्या हाती दिल्या आणि म्हणाले, “पूर्वीच्या हैबतीला मी हे दिलं नसतं. तो उत्तम खेळायचा. हा शिकवू शकतो.”

हैबतीच्या काळात ती तालीम पूर्वीपेक्षा मोठी झाली. मातीच्या रांगेत आता पोरांबरोबर मोठी माणसंही दिसू लागली. एकदा तर एक मीठविक्या आला, डोक्याचे सगळे केस पिकलेला. दारातच घुटमळत म्हणाला, “शिकायची फार इच्छा आहे, वस्ताद. पण या पोरासोरांत मी कसा शोभेन?”

हैबतीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “शोभायला आलात की शिकायला?”

मीठविक्या हसला. त्याने वहाणा काढल्या, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि रांगेत जाऊन उभा राहिला.

तात्पर्य एवढंच, की मिळालेला मान सांभाळत बसणाऱ्याची विद्या तिथेच थांबते. जो मान उतरवून पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो, त्याची विद्या वाढते आणि मान मागून चालत येतो.